एकाच इमारतीला तिसऱ्यांदा संगमरवर: भिंतीवर लावलेला दगड सुटतो कसा आणि आपल्याकडे त्याच्यावर लक्ष कुणाचं असतं?

हेलसिंकीत, म्हणजे फिनलंडच्या राजधानीत, फिनलंडिया हॉल नावाची एक पांढरीशुभ्र इमारत आहे. आल्व्हार आल्टो या तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या आर्किटेक्टने तिचं डिझाइन केलं होतं. दुरुस्तीसाठी जवळपास तीन वर्षं बंद राहिलेली ही इमारत जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा उघडली. या दुरुस्तीत बाहेरच्या भिंतींवरचा सगळा संगमरवर उतरवून नवा लावण्यात आला.

दुरुस्ती म्हटली की हे आलंच. पण हा त्या इमारतीचा तिसरा संगमरवर आहे. पहिला १९७१ मध्ये लागला. तो इटलीतल्या कॅराराचा होता. मायकेलअँजेलोने ज्यातून शिल्पं घडवली, तोच हा प्रसिद्ध दगड. काही वर्षांतच त्याच्या सपाट लाद्या उन्हात ठेवलेल्या पापडासारख्या वाकायला लागल्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्या सगळ्या बदलल्या आणि वारसा इमारतीचं मूळ रूप राखायचं म्हणून पुन्हा कॅराराचाच संगमरवर घातला. त्याही वाकल्या. आता इटलीच्याच उत्तरेकडच्या लासा इथला, वेगळ्या घडणीचा संगमरवर लावला आहे.

वेरूळचं कैलास लेणं बाराशे वर्षांहून जास्त काळ उभं आहे. मग जगातला नामांकित दगड, पैसेवाला देश आणि इतके हुशार इंजिनिअर असून वीस-पंचवीस वर्षांत दगड का बदलावा लागतो? आणि आपल्या गावाशहरात बँकेला, मॉलला, सोसायटीच्या गेटला जो दगड लावलाय, त्याचं काय?

भिंत दगडाची की भिंतीला दगड?

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हायकोर्ट, राजाबाई टॉवर या इमारतींत दगड हीच भिंत आहे. जाड घडीव दगड एकावर एक बसलेत आणि वरचा भार खालच्याकडे जातोय. दगडाला दाबलं जाणं मानवतं. तुम्ही त्याच्यावर कितीही रचा, तो कुरकुर करत नाही. वाकवणं मात्र त्याला सोसत नाही. लोखंड वाकतं, लाकूड करकरतं, तेवढी तरी सूचना मिळते. दगड थेट तुटतो.

आजच्या इमारतीत भार घेतो तो आरसीसीचा सांगाडा. मध्ये विटा किंवा ब्लॉक भरतात आणि वरून दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा दगड चढवतात. हेच ते क्लॅडिंग. म्हणजे दगडाचा सदरा. इथे दगड कुणाला उचलून धरत नाही, त्यालाच कुणीतरी धरून ठेवावं लागतं.

हे दोन्ही प्रकार आपण अलीकडेच टीव्हीवर पाहिलेत. अयोध्येच्या राम मंदिरात बन्सी पहाडपूरचे दगड एकमेकांत बसवलेत, त्यात लोखंड वापरलेलं नाही. मे २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनाला राजस्थानातल्या सरमथुराच्या वालुकाश्माचं आवरण आहे. दोन्हीकडे राजस्थानचा वालुकाश्मच, पण दगडाचं काम पूर्ण वेगळं.

आता कुणी म्हणेल, ताजमहालाचा संगमरवरही विटांवर चढवलेलाच आहे की! बरोबर आहे. पण तिथल्या लाद्या जाड आहेत, काही आडव्या आत घुसवून भिंतीशी गुंफलेल्या आहेत. आपण जो लावतो तो कारखान्यात पावासारखा कापलेला दगड असतो.

शिकागोचा आठ कोटी डॉलरचा धडा

या विषयात ज्या इमारतीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ती शिकागोची. आज तिला एऑन सेंटर म्हणतात. १९७० च्या दशकात तेल कंपनीने ८३ मजल्यांचं आपलं मुख्यालय बांधलं आणि त्याला पायापासून टोकापर्यंत कॅराराचा संगमरवर लावला. लाद्या चाळीस हजारांहून जास्त, जाडी जेमतेम तीन-चार सेंटीमीटर.

काम सुरू असतानाच, १९७३ च्या नाताळच्या दिवशी, दीडशे किलोपेक्षा जास्त वजनाची एक लादी निसटली आणि शेजारच्या इमारतीचं छत फोडून आत गेली. एवढं होऊनही काम पुढे गेलं. १९८५ च्या तपासणीत लाद्यांना तडे आणि बाक सापडले. आधी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या मारून लाद्या आवळून धरल्या. शेवटी १९९० ते १९९२ या काळात सगळा संगमरवर उतरवून दुप्पट नसला तरी चांगला जाड, पाच सेंटीमीटरचा पांढरा ग्रॅनाइट लावला. खर्च आठ कोटी डॉलरच्या पुढे गेल्याचं सांगतात. इमारत मुळात बांधायला जेवढे पैसे लागले होते, त्याच्या निम्म्याहून ही रक्कम जास्त होती.

उतरवलेल्या संगमरवराचं काय झालं? बराचसा भाग चुरा करून कंपनीच्या रिफायनरीच्या आवारात शोभेला टाकला. थोड्याचे पेनस्टँड आणि घड्याळं बनवली.

टोरंटोतल्या ७२ मजली फर्स्ट कॅनेडियन प्लेसची गोष्टही याच वळणाची. २००७ मध्ये ५४ व्या मजल्यावरची लादी खाली आली. त्यानंतर तिथल्या मालकांनी दगडाचा नादच सोडला. सगळ्या, म्हणजे सुमारे ४५ हजार लाद्या काढून काच लावली.

संगमरवर वाकतो तरी कसा?

संगमरवर म्हणजे कॅल्साइट या खनिजाचे दाणे एकमेकांना चिकटून बनलेला दगड. तुटलेल्या कडेवर प्रकाशात बघितलं तर साखरेसारखे चमकतात, ते हे दाणे. या दाण्याची एक खोड आहे. तापला की तो एका दिशेला लांबतो आणि त्याच वेळी आडव्या दिशेला किंचित आखडतो. शेजारचा दाणा दुसऱ्याच दिशेला तोंड करून बसलेला. तोही तेच करतो. दोघं एकमेकांना ढकलतात. रात्री गार झाले की पूर्ण पहिल्या जागी परत येत नाहीत. हे रोज, वर्षानुवर्षं. त्यात दाण्यांच्या फटीत पाणी शिरलं की प्रकरण आणखी वाढतं. लादी एका बाजूने जास्त सैल होते आणि वाकते. वाकलेल्या लादीची ताकदही घटलेली असते, हे शिकागोच्या चाचण्यांत दिसलं.

जाड दगडात हा खेळ फक्त वरच्या कातडीत चालतो, आतला गाभा शाबूत राहतो. तीन सेंटीमीटरच्या लादीत गाभा म्हणावा असं उरतंच काय?

युरोपातल्या प्रयोगशाळांनी २००० ते २००५ या काळात एकत्र येऊन याचा छडा लावला. दाण्यांच्या कडा सरळ, गुळगुळीत असतील तर दगड लवकर सुटतो. कडा वेड्यावाकड्या, एकमेकांत अडकलेल्या असतील तर टिकतो. म्हणजे 'इटालियन मार्बल' एवढं नाव सांगून काहीच कळत नाही. एकाच डोंगरातल्या दोन खाणींतला माल वेगळा वागू शकतो. लासाचा संगमरवर निवडण्याआधी फिनलंडमध्ये चाचण्यांवर एवढा वेळ घालवला, त्यामागे दोनदा हात पोळल्याचा अनुभव होता.

आपल्याकडे बाहेरून पांढरा संगमरवर कमी, ग्रॅनाइट आणि वालुकाश्म जास्त. ग्रॅनाइट असा वाकत नाही. वालुकाश्माचं दुखणं वेगळं आहे. तो थराथरांचा दगड. जुना पाथरवट दगड बसवताना थर आडवे ठेवायचा, खाणीत होते तसे, म्हणजे भार थरांवर पडून ते आवळलेले राहतात. लादी काढताना मात्र दगड थराच्या बाजूनेच फोडणं सोपं आणि स्वस्त पडतं. ती भिंतीवर उभी केली की थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात. वर मुंबई-कोकणातला चार महिन्यांचा पाऊस. काही वालुकाश्मांची ताकद भिजल्यावर बरीच कमी होते. म्हणून चाचणी कोरड्या आणि ओल्या दोन्ही तुकड्यांची करायची असते. ठेकेदाराने दाखवलेला रिपोर्ट बहुतेक वेळा कोरड्याचाच निघतो.

सात मिलिमीटरवर सगळं

ग्रॅनाइटची दोन बाय तीन फुटांची, तीन सेंटीमीटर जाड लादी घेतली तर वजन भरतं साधारण ४४ किलो. सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडं कमी. ही दहाव्या मजल्यावरून, म्हणजे तीस मीटरवरून सुटली तर जमिनीला पोचेपर्यंत तिचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे जातो.

बहुतेकांना वाटतं की अडचण फक्त या वजनाची आहे. वजन खालच्या बाजूला ओढतं, ते पेलायला खाली एक टेकू पुरतो. खरा त्रास वाऱ्याचा. आपल्या आयएस ८७५ या मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. ढोबळ हिशेबाने त्याचा दाब होतो चौरस मीटरला जवळपास १२० किलो. उंची आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागेनुसार तो बदलतो. हा वारा समोरची भिंत ढकलतो आणि बाजूच्या, मागच्या भिंतींवरचे दगड बाहेर ओढतो. कोपऱ्यांवर ओढ सगळ्यात जास्त. म्हणजे वादळात लादीला तिच्या वजनाहून मोठ्या जोराने भिंतीपासून उपटलं जातं.

तिला अडवतं कोण? ड्राय क्लॅडिंगमध्ये, म्हणजे सिमेंट न वापरता टांगलेल्या दगडात, लादीच्या कडेला भोक पाडून त्यात स्टीलची पिन घालतात. पिन क्लॅम्पला आणि क्लॅम्प अँकर बोल्टने काँक्रीटला. आता बघा, लादी २० मिलिमीटर जाड आणि भोक ६ मिलिमीटरचं असेल, तर दोन्ही बाजूंना उरतो सात-सात मिलिमीटर दगड. वाऱ्याची सगळी ओढ या सात मिलिमीटरवर. आपल्याकडे बाजारात १८-२० मिलिमीटरचे स्लॅब सहज मिळतात, कारण ते फरशीसाठी कापलेले असतात. तेच भिंतीवर चढतात. उंच इमारतीला किमान ३० मिलिमीटरचा आग्रह धरतात, त्याचं कारण हे. दिसण्यात काही फरक पडत नाही, म्हणून पैसे वाचवायची पहिली जागाही हीच ठरते.

दुसरी जागा म्हणजे क्लॅम्प. एकदा दगड लागला की तो कुणाला दिसत नाही. समुद्राजवळच्या हवेत ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील हवं. साधं किंवा गॅल्व्हनाइज केलेलं लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि आतून दगड फोडतं. मुंबईतल्या ब्रिटिशकालीन इमारतींत दगड जोडायला लोखंडी आकडे घातले होते. त्यांच्या दुरुस्तीत आजही निम्मं डोकं या गंजलेल्या आकड्यांपायी खर्च होतं.

हे झालं नीट केलेल्या कामाचं. आपल्या गल्लीत दिसतो तो प्रकार बहुतेक वेळा वेगळाच. भिंतीला टाचे मारायचे, लादीच्या पाठीला मसाल्याचे किंवा अॅडहेसिव्हचे चार-पाच गोळे लावायचे, दाबून बसवायची, फटी भरायच्या. तळमजल्याच्या कंपाउंडला हे चालून जातं. चौथ्या-पाचव्या मजल्याला नाही. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साचतं, खार फुटतो. पश्चिमेच्या उन्हात काळा ग्रॅनाइट साठ अंशांच्या पुढे तापतो, मागचं काँक्रीट तुलनेने गार. तीन मीटरचा दगडी पट्टा चाळीस अंशांनी तापला तर जवळपास एक मिलिमीटर वाढतो. एक मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण सरकायला फटच ठेवली नसेल तर तो ताण थेट त्या मसाल्यावर येतो. रोज सकाळ-संध्याकाळ. मग एक दिवस पहिल्या वळवाच्या सरीत तापलेला दगड एकदम गार होतो आणि लादी सुटते. लोक म्हणतात, पावसाने पडली.

न्यूयॉर्कने काय केलं?

१९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फुटपाथवरून चाललेली एक कॉलेजविद्यार्थिनी इमारतीवरून निखळलेला तुकडा डोक्यात पडून गेली. पुढच्याच वर्षी शहराने कायदा केला आणि १९९८ मध्ये तो आणखी कडक केला. सहा मजल्यांहून उंच इमारतीचा दर्शनी भाग दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासायचा. दुर्बिणीने नाही, जवळ जाऊन, हात लावून. रिपोर्ट महापालिकेला द्यायचा. धोका दिसला तर खाली पादचाऱ्यांसाठी मांडव घालायचा आणि दुरुस्ती करायची.

याची एक गमतीशीर बाजूही आहे. दुरुस्तीपेक्षा मांडवाचं भाडं स्वस्त पडतं, म्हणून कित्येक मालक मांडव घालून वर्षानुवर्षं गप्प बसले. शहरभर मांडवच मांडव झाले आणि ते लवकर हटावेत म्हणून २०२५ मध्ये कौन्सिलला वेगळे कायदे मंजूर करावे लागले. पळवाट तिथेही निघते. पण दगड कोण बघणार, या प्रश्नाला तिथे उत्तर आहे.

आपल्याकडची दहा वर्षांची फट

महाराष्ट्रातल्या नव्या इमारतीचं वय धरून हिशेब करू. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करायचा. दगड सुटणं यात नक्की बसतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं. मुंबईत महापालिका कायद्याचं कलम ३५३ब आहे. त्यानुसार ३० वर्षं झाली की इंजिनिअरकडून तपासणी करून दाखला द्यायचा, पुढे दर दहा वर्षांनी.

म्हणजे पाच वर्षांपर्यंत जबाबदारी बिल्डरची आणि पंधराव्या वर्षापासून ऑडिट. मधली दहा वर्षं? लाद्यांच्या फटीतलं सीलंट उन्हाने कडक होऊन सुटायला लागतं ते साधारण दहा ते वीस वर्षांच्या दरम्यान. हलक्या प्रतीचं त्याच्याही आधी. पाणी आत शिरायला लागतं, क्लॅम्प गंजायला लागतात, ते नेमकं या काळात.

त्यात ऑडिटचा भर असतो कॉलम, बीम, स्लॅबवर. सांगाडा शाबूत म्हणून इमारत पास. अंगावरचा दगड सैल असला तरी सांगाड्याचं काही बिघडत नाही, आणि ते एका अर्थी खरंही आहे. बिघडतं ते खाली उभ्या असलेल्या वॉचमनचं, शेजारच्या टपरीवाल्याचं, स्कूलबसची वाट बघणाऱ्या पोरांचं. दगडी आवरणाच्या कामासाठी आपल्याकडे मानक नाही असंही नाही. आयएस ४१०१ हे १९६७ सालापासून आहे. पण ते काम कसं करावं हे सांगतं. केलेलं काम पुढे दर किती वर्षांनी बघायचं, हा भाग महापालिकांच्या नियमात यायला हवा. सात मजल्यांवरच्या इमारतींना दर पाच वर्षांनी दर्शनी भागाची वेगळी तपासणी, एवढी एक ओळ सुरुवातीला पुरेशी होईल.

मग दगड वापरूच नये का?

वापरावा. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याची भिंत आजही घराचा भार घेते. त्याच जांभ्याचे पातळ काप काढून पुण्याच्या फार्महाऊसला चिकटवतात तेव्हा वर सांगितलेले सगळे प्रश्न सुरू होतात. लंडनमध्ये तर काही आर्किटेक्ट उलटे फिरलेत. क्लर्कनवेल क्लोज या रस्त्यावर २०१७ मध्ये चुनखडीच्या खांब-तुळयांवर उभी राहिलेली एक इमारत आहे. दगड तिथे सदरा नाही, हाडं आहे. मंजूर नकाशाशी जुळत नाही म्हणून स्थानिक कौन्सिलने ती पाडायला सांगितलं होतं. २०१९ मध्ये अपिलात ती वाचली. दगड भाजावा लागत नाही, फक्त कापावा लागतो, त्यामुळे सिमेंट आणि स्टीलपेक्षा कार्बन कमी, असा त्यांचा मुद्दा आहे. बेसाल्टवर बसलेल्या महाराष्ट्राने याकडे बघायला हरकत नाही.

पण ज्यांच्या इमारतीला दगड आधीच लागलाय किंवा रिडेव्हलपमेंटच्या ब्रोशरमध्ये रंगवलाय, त्यांनी काय करायचं? करार होण्याआधी बिल्डरला लेखी विचारा: कुठल्या मजल्यापर्यंत दगड चिकटवणार आणि कुठून टांगणार? जाडी किती? क्लॅम्प कुठल्या दर्जाच्या स्टीलचे, आणि त्याचं टेस्ट सर्टिफिकेट? वाऱ्याचा हिशेब करून क्लॅडिंगचं ड्रॉइंग कुणी सही केलंय? ते ड्रॉइंग ताबा घेताना सोसायटीच्या ताब्यात हवं. दहा वर्षांनी क्लॅम्प कुठे आहेत हे दुसरं कुणी सांगणार नाही.

जुन्या इमारतीत पाचवं वर्ष संपायच्या आत एकदा हात लागेल तिथल्या लाद्या लाकडी दांड्याने वाजवून घ्या. चिकटवलेली लादी घट्ट असेल तर आवाज भरीव येतो, मागून सुटली असेल तर पोकळ, भदभद येतो. टांगलेल्या दगडामागे मुळातच पोकळी असते, त्यामुळे तिथे आवाजावर जाऊ नका. फटी कुठे रुंदावल्यात, लादीची कड शेजारच्या लादीपेक्षा पुढे आलीय का, गंजाचे तांबडे ओघळ दिसतात का, ते बघा. वरच्या मजल्यांसाठी रंगकामाचा झुला लागलेला असेल तेव्हाच इंजिनिअरला वर पाठवा, वेगळा खर्च पडत नाही. ऑडिट करून घेताना 'बाहेरचा दगड' हा शब्द कामाच्या यादीत लिहून द्या.

आणि काम सुरू असताना शंभरातल्या दोन-तीन लाद्या जास्तीच्या मागून गच्चीवर किंवा तळघरात ठेवून द्या. खाण पुढे सरकली की दगडाचा रंग बदलतो. आठ वर्षांनी एक लादी बदलायची वेळ आली तर तोच रंग बाजारात सापडत नाही, आणि ठिगळ नको म्हणून सैल लादी तशीच ठेवलेल्या सोसायट्या कमी नाहीत.